सोनेरी काठाचे सरबताचे ग्लास: 5 पैकी 2 स्टार

एप्रिलमध्ये क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका क्रोकरीच्या दुकानातून सहा ग्लासांचा सेट घेतला, लाल-पिवळी फुलं, तोंडाला सोनेरी काठ, इतके सुरेख की सासूबाईसुद्धा भाव न विचारता घे म्हणाल्या. काच जाड आहे आणि सहाही अजून शाबूत आहेत, त्याचे 2 स्टार.

पण दीड महिना कोकम नाहीतर लिंबू सरबत प्यायलो, ग्लास हातानेच घासले, तरी सोनेरी रंग नेमका ओठ लागतो तिथेच उडाला. एक पाकळी नखाने खरवडून बघितली तर नखात लाल भुकटी! आमची चार वर्षांची पोर काठ चावत बसते, मग उडालेला रंग गेला कुठे, पोटातच ना?

काचेवर भाजायच्या रंगात शिसं घालायची जुनी पद्धत आहे, त्याने रंग कमी आचेवर वितळून काचेला धरतो. भडक लाल-पिवळ्यात बऱ्याचदा कॅडमियम हा विषारी धातू असतो. आंबटात हे धातू जास्त सुटतात, म्हणून तर लॅबमध्ये काठ 4 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरमध्येच, 24 तास बुडवून टेस्ट करतात. 2010 ला अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सने श्रेक या कार्टूनचं चित्र असलेले सुमारे 1 कोटी 20 लाख ग्लास रंगातल्या कॅडमियममुळे परत मागवले होते. आणि कॅलिफोर्नियात 1986 चा प्रॉपोझिशन 65 म्हणून कायदा आहे, वस्तूत घातक रसायन असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगायला लावणारा, त्यात सरकार गप्प बसलं तर साधा माणूसही कंपनीवर केस टाकू शकतो. अशा केसेसमध्ये कंपन्यांनी सेटलमेंट करताना नुसते पैसे नाही भरले, रंग बदलायचं लिहून दिलं, आणि काठापासून 20 मिलीमीटरच्या पट्ट्यावर तर शिसं अजिबात नको असं ठरलं.

माझ्या ग्लासात हे आहे असं मी म्हणत नाही, पण नाही हे तरी कोण सांगणार? खोक्यावर रंगाबद्दल एक अक्षर नाही. दुकानात जाऊन विचारलं तर "ताई, सगळे हेच नेतात, कोणाची कम्प्लेंट नाही." मला खूप राग आला, शिशाने लहान मुलांच्या मेंदूला इजा होते हो, ही काय हसण्यावारी न्यायची गोष्ट आहे?

सध्या स्टीलचे पेले काढलेत. दुकानदार दादा, पुढचा माल मागवताना वरचे दोन सेंटीमीटर कोरे ठेवायला सांगा आणि रंगाचा टेस्ट रिपोर्ट मागून घ्या, खाली फुलं असू देत हवी तेवढी, मी येऊन दोन सेट नेईन.