माल्ट एक्स्ट्रॅक्टवर घरी बिअर: आठ महिने, नऊ बॅचनंतरचा अनुभव

मुद्दाम थांबलो होतो लिहायला. पहिल्या दोन बॅचनंतर लिहिलं असतं तर "एक्स्ट्रॅक्टची बिअर पाणचट लागते, नादी लागू नका" एवढंच लिहिलं असतं आणि ते साफ चुकीचं ठरलं असतं. आता नऊ बॅच झाल्यात, त्यातल्या शेवटच्या तीन मी कुणालाही बिनधास्त प्यायला देतो.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या सातूचं, म्हणजे माल्टचं, गरम पाण्यात गोड पाणी काढावं लागतं, त्यासाठी तापमान सांभाळत तासभर मॅश करायचा असतो. एक्स्ट्रॅक्टमध्ये ते काम कारखान्यात आधीच झालेलं असतं, त्यातलं पाणी उडवून मधासारखं घट्ट द्रावण नाहीतर पावडर करून देतात. आपण ते पाण्यात मिसळायचं, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं) टाकून उकळायचं, गार करायचं, यीस्ट टाकायचं. आणि सुरू करायच्या आधी आपल्याकडचा कायदा बघून घ्या, काही देशांत घरच्यापुरती बिअर करता येते, काही ठिकाणी बंदी किंवा परवाना आहे.

मी सुरुवात हॉप्स आधीच घातलेल्या डब्याने केली, १.७ किलोचा डबा, त्यात १ किलो साखर घाला आणि २३ लिटर करा असं वर लिहिलेलं. तसंच केलं. बिअर झाली, चढलीही, पण अंगात दमच नाही, पातळ, आणि मागून एक आंबूस सायडरसारखी चव. दुसऱ्यांदा तोच डबा आणला आणि साखरेच्या जागी तेवढंच ड्राय एक्स्ट्रॅक्ट घातलं, तर फेस टिकला, तोंडात भरलेपणा आला. मागची ती चव मात्र पूर्ण गेली नाही, तिचं कारण वेगळं होतं, त्यावर पुढे येतो. पण एवढं आत्ताच सांगतो, डब्यावरची साखर घालू नका.

तिसऱ्या बॅचपासून डबे बंद केले. आता साधं, हॉप्स न घातलेलं फिकट ड्राय एक्स्ट्रॅक्ट घेतो आणि १० लिटरचीच बॅच करतो. मोठं पातेलं लागत नाही, गार लवकर होतं आणि बिघडलं तरी नुकसान कमी. १० लिटरला १.२ किलो पावडर घातली की हायड्रोमीटर (द्रव पाण्यापेक्षा किती जड आहे ते दाखवणारी नळी, साधं पाणी म्हणजे १.०००) १.०४४ च्या आसपास दाखवतो, आंबून झाल्यावर १.०११ ला येतो. फरकाला १३१ ने गुणायचं, म्हणजे साधारण ४.३ टक्के अल्कोहोल. लिक्विड घेतलं तर त्यात पाचवा हिस्सा पाणीच असतं म्हणून वजन जास्त लागतं, शिवाय ते जुनं झालं की काळपट पडतं आणि चवीत उतरतं. पावडर जास्त टिकते, फक्त दमट हवा लागू द्यायची नाही.

पावडरची एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. उकळत्या पातेल्यावर पिशवी धरून ओतायला गेलो तर वाफ लागून पिशवीच्या तोंडाशीच पावडरचा दगड झाला, जी आत पडली तिच्या गाठी तरंगायला लागल्या, वरून ओल्या आणि आत कोरड्या, अर्धा तास चमच्याने त्या कडेला दाबून फोडत बसलो. आता गार पाण्यातच कालवून घेतो आणि मग गॅस लावतो, एक गाठ होत नाही. लिक्विड वापरणार असाल तर उलटी काळजी घ्या, ते सरळ तळाला जाऊन बसतं आणि करपतं, म्हणून गॅस बंद करा, ओता, तळ खरवडून पूर्ण विरघळलं की मगच परत पेटवा. आणि पहिल्या उकळीला पातेलं सोडून जायचं नाही, दुधासारखं ऊतू जातं आणि चिकट इतकं की शेगडी साफ करायला रात्र जाते.

हॉप्स मी कॅस्केड जातीचे वापरतो. १५ ग्रॅम सुरुवातीला ६० मिनिटांसाठी, ते कडवटपणाला. १० ग्रॅम शेवटची दहा मिनिटं, आणि १५ ग्रॅम गॅस बंद केल्यावर, ते वासाला. अर्धी पावडर वेगळी गार पाण्यात कालवून शेवटच्या दहा मिनिटांतच घालतो, त्याने रंग फिकट राहतो.

आता खरा मुद्दा. पातेल्यातल्या कामात बिघडण्यासारखं फार थोडं आहे, बिअर होते ती फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, आणि मी पहिले तीन महिने सगळं लक्ष पातेल्यावर ठेवलं. डब्याच्या झाकणाखालचं यीस्ट टाकायचं आणि फर्मेंटर खोलीत कोपऱ्यात ठेवून द्यायचा. खोली २७ डिग्री. आंबताना आतली उष्णता वेगळीच, द्रव खोलीपेक्षा तीन-चार डिग्री जास्त गरम होतो, म्हणजे आत तीसच्या वर. त्या तापमानाला यीस्ट सुटल्यासारखं धावतं आणि घशाला लागणारा उग्र, थिनरसारखा वास सोडतं. मागून येणारी ती चव बरीचशी इथली होती, मी मात्र एक्स्ट्रॅक्टला दोष देत होतो.

चौथ्या बॅचला फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवला, वर ओला टॉवेल, आणि टबात बर्फ झालेल्या दोन बाटल्या, सकाळ-संध्याकाळ बदलायच्या. बाहेरून चिकटवायची तापमानाची पट्टी १८ ते २० दाखवते की नाही एवढंच बघायचं. पहिले तीन दिवस हे नीट केलं की पुढे ढिलाई चालते. यीस्ट यूएस-०५ नावाचं कोरडं, पाकिटातलं, १० लिटरला अर्ध्या पाकिटाच्या थोडं वर. तीच पावडर, तेच हॉप्स, आणि ग्लास नाकाशी नेला तर स्वच्छ ग्रेपफ्रूटसारखा (पपनसाच्या जातीचं फळ) वास, मी दोनदा ग्लास खाली ठेवून परत उचलून वास घेतला, विश्वासच बसेना.

पाचवी बॅच पाण्याने घालवली. बिअरला जखमेच्या पट्टीसारखा औषधी वास. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, त्यातून होणारी क्लोरोफेनॉल्स. त्यावर कॅम्पडेनची गोळी, सल्फाइटची, क्लोरीन घालवणारी. एका गोळीत ७५ लिटर पाण्याचं काम होतं, मला १२ लिटरला तिचा छोटा तुकडा पुरतो, चुरून टाकायचा आणि ढवळायचं, बास. परत तो वास आला नाही. ब्लीचने भांडी धुणंही तेव्हाच बंद केलं, आता स्टार सॅन नावाचं सॅनिटायझर, पाण्यात लिटरला दीड मिली, फेस राहिला तरी तसाच ओततो. पण आधी भांडं घासून स्वच्छ हवं, मळावर सॅनिटायझर काही करत नाही.

सहाव्या बॅचचं जरा गंभीरपणे वाचा. एअरलॉकचे (फर्मेंटरच्या झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) बुडबुडे थांबले म्हणून १.०१५ लाच बाटल्या भरल्या, बाटलीत गॅस व्हावा म्हणून घालतात ती ठरलेली साखरही (प्रायमिंग) घातली. राहिलेलं आंबणं बाटलीत झालं. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की साधारण एक व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाएवढा, गॅस होतो, आणि हायड्रोमीटरचा एक पॉइंट (०.००१) उतरला की सुमारे अर्धा. म्हणजे चार पॉइंट राहिले तर दोन व्हॉल्यूम जास्तीचा गॅस, प्रायमिंगच्या वर. रात्री खोक्यात एक बाटली फुटली, काचा खोक्याच्या पुठ्ठ्यात रुतलेल्या होत्या. खोलीत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. बाकीच्या जाड हातमोजे आणि चष्मा घालून, टॉवेल गुंडाळून उघडल्या. बुडबुड्यांवर अजिबात जाऊ नका, तीन दिवस अंतर ठेवून दोनदा रीडिंग घ्या आणि एकच आकडा आला तरच भरा. मी लिटरला साडेसहा ग्रॅम साखर घालतो, वजनकाट्यावर मोजून, चमच्याने नाही. बाटल्या तपकिरी आणि गॅससाठीच बनवलेल्या, वर दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडून. मग दोन आठवडे साध्या तापमानाला, त्यानंतर फ्रीज.

"ऑल ग्रेनच खरं ब्रूइंग", म्हणजे एक्स्ट्रॅक्ट न वापरता सगळं माल्टपासून स्वतः करायचं, असं म्हणणारे भेटतील. मॅशवर ताबा मिळतो हे खरंय, पुढेमागे मीही करीन. पण एक्स्ट्रॅक्टवर माझा बिअर करायचा दिवस अडीच-तीन तासांत आटपतो, आणि वाचलेलं सगळं लक्ष यीस्टला देता येतं. रंग-चवीत वेगळेपणा हवा तर थोडं क्रिस्टल माल्ट (खास भाजलेलं, गोडसर माल्ट) कापडी पिशवीत बांधून ६८ डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, पिशवी पिळू नका. आठव्या बॅचला २०० ग्रॅम घातलं होतं, तांबूस रंग आणि टॉफीसारखी गोडसर चव, आतापर्यंतची माझी सगळ्यात आवडती.

गरम दिवसांत बर्फाच्या बाटल्या पुरत नाहीत म्हणून दहाव्या बॅचला क्वाइक आणलंय, नॉर्वेच्या शेतघरांत पिढ्यान् पिढ्या जपलेलं यीस्ट, ३५ डिग्रीलाही उग्र होत नाही. टब नाही, टॉवेल नाही. काल रात्री टाकलं, सकाळी उठलो तर एअरलॉक धडधडत होता आणि झाकणाखाली बोटभर पिवळट फेस चढलेला.