सेलवर चालणारा होडीचा छोटा पंप: 9 महिने वापरल्यावर

आमची होडी 4 मीटर लांबीची, फायबरची, वरून पूर्ण उघडी. पाऊस पडून गेला की तिच्यात पाणी साचतं, आणि ते उपसायचं काम बाबा स्वतःकडे ठेवायचे. पत्र्याचा एक लिटरचा डबा, दोन बाकांच्या मध्ये उकिडवं बसायचं आणि डबा भरभरून बाहेर ओतायचा. त्यांची कंबर धरली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुम्ही हे आता सोडा." ते म्हणाले, "अरे, दहा मिनिटांचं तर काम."

ते दहा मिनिटांचं काम नव्हतं, हे मी कागदावर मांडून त्यांना दाखवलं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमच्या होडीचं उघडं तोंड साधारण 5 चौरस मीटरचं आहे. रात्रीतून 40 मिलिमीटर पाऊस झाला तर 200 लिटर, म्हणजे 200 किलो पाणी. लिटरभराच्या डब्याने 200 वेळा वाकायचं, आणि डबा दर वेळी काठोकाठ भरतो असंही नाही. त्याच आठवड्यात हा पंप मागवला. त्याला आता 9 महिने झाले. एवढ्या वापरातून जे कळलं ते सविस्तर लिहितो, कारण खोक्यावरचा मजकूर वाचून यातलं निम्मंही लक्षात येत नाही.

वस्तू दिसायला साधी आहे. जाड्या विजेरीसारखं प्लास्टिकचं नळकांडं, वर मूठ आणि बटण, पोटात डी साइजचे 3 सेल, खाली जाळी आणि जाळीच्या आत एक छोटा फिरता पंखा. बाजूने साधारण मीटरभर नळी निघते. खालचं टोक पाण्यात बुडवायचं, नळी काठावरून बाहेर सोडायची, बटण दाबायचं. हा पंप हवा ओढून पाणी वर चढवू शकत नाही. पंखा पाण्यात बुडलेला असेल तरच तो पाणी फेकतो. त्यामुळे पंप वर ठेवून नळीने खालचं पाणी ओढायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्यावा.

खोक्यावर तासाला 750 लिटर लिहिलंय, म्हणजे मिनिटाला साडेबारा. हा आकडा नळीचं तोंड पंपाच्या पातळीवर धरल्याचा असतो. होडीत पाणी तळाशी आणि काठ वर, त्यामुळे प्रत्यक्षात पाणी चढवावंच लागतं, आणि अशा पंख्याच्या पंपात उंची वाढली की धार झपाट्याने मंदावते. मी 20 लिटरची बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं. नवे सेल, 60 सेंटिमीटर चढ: बादली 1 मिनिट 50 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला जवळपास 11 लिटर. नळी जोडून लांब केली आणि चढ 1.2 मीटर केला तर तीच बादली भरायला जवळजवळ 3 मिनिटं लागली. ज्यांच्या होडीचा काठ उंच आहे त्यांनी दुसरा आकडा धरून चालावं. नळी काठावर दुमडली तरी धार निम्मी होते. काठाच्या कोपऱ्यावर मी जाड पाइपचा उभा चिरलेला तुकडा बसवला, त्यावरून नळी गोलाकार वळते आणि दुमड पडत नाही.

एवढ्या वेगाने 200 लिटर पाणी वीसेक मिनिटांत निघतं. तेवढ्या वेळात मी वल्ही पुसतो, दोर सारखे करतो. हात मोकळे राहतात, हा माझ्या लेखी या पंपाचा सगळ्यात मोठा गुण. दट्ट्याचा हातपंप जोर लावून मारला तर मिनिटाला याच्यापेक्षा जास्त पाणी काढेल, पण त्याला दोन्ही हात अडकतात आणि पाठ वाकतेच.

सेलबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण माझा सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच झाला. पहिल्यांदा मी साधे झिंक-कार्बनचे स्वस्त सेल घातले. ते घड्याळात किंवा रिमोटमध्ये वर्षभर टिकतात, पण मोटर ओढते तेवढा करंट त्यांना सोसत नाही. तिसऱ्याच वेळी धार करंगळीएवढी झाली. नंतर अल्कलाइन घातले आणि पंप वेगळाच वाटला. एका संचावर मी थोडं थोडं करून साडेचार तास पंप चालवला आहे. शेवटचा तासभर धार बरीच मंद होती, पण चालू होती. खोक्यावरचे 5 तास त्या अर्थाने खोटे नाहीत. फक्त 5 तास गुणिले 750 लिटर असा हिशोब कुणी करू नये, कारण सेल उतरत जातात तसा वेगही उतरतो.

मग चार्ज करायचे सेल आणले, आणि फसलो. डी साइजच्या नावाने मिळणाऱ्या काही चार्जेबल सेलांच्या कवचात आत छोटा, पेन्सिल सेलएवढाच सेल असतो आणि बाकी पोकळी. त्यांच्यावर 2000 ते 2500 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं असतं. खऱ्या डी साइजच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर 8000 ते 10000 एमएएच असतं. हातात घेतलं की फरक लगेच कळतो. अल्कलाइनचा डी सेल साधारण 140 ग्रॅमचा असतो, आणि खरा चार्जेबल त्याहून थोडा जडच लागतो. हलका लागला तर घेऊ नका. खऱ्या चार्जेबल सेलचं व्होल्टेज 1.2, अल्कलाइनचं दीड. तीन सेल मिळून 3.6 विरुद्ध 4.5. म्हणून सुरुवातीची धार थोडी कमी मिळते, पण ती शेवटपर्यंत जवळजवळ तशीच राहते आणि मग एकदम बसते. रोजच्या उपशाला मी आता तेच वापरतो. अल्कलाइनचा एक न उघडलेला संच पाणी न शिरणाऱ्या डब्यात होडीवरच ठेवलेला असतो. जुने-नवे सेल एकत्र घालू नका. त्यातला दुबळा सेल पुरता रिकामा होतो, उलटा ढकलला जातो आणि फुटून गळतो.

आता जी गोष्ट मला आधी कुणीतरी सांगायला हवी होती ती. दुसऱ्या महिन्यात एकदा पाणी उपसून झालं, मी बटण बंद केलं, पंप तळात तसाच ठेवला आणि धक्क्यावर सामान आणायला गेलो. नळीचं बाहेरचं टोक पाण्यात लोंबत होतं. अर्ध्या तासाने परत आलो तर होडीत पुन्हा घोट्याएवढं पाणी. आधी वाटलं होडी चिरली. मग नळी हातात घेतली तर तिच्यातून पाणी आत येत होतं. होडीचा तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असतो. नळी भरलेली, तिचं तोंड बाहेर बुडालेलं आणि पंख्याला झडप नाही, अशी स्थिती झाली की पाणी आपोआप उलटं आत वाहायला लागतं. पंपाने बाहेर काढलेलं पाणी त्याच नळीने घरी परत येतं. होडीवर कुणी नसताना असं झालं तर पाणी बाहेरच्या पातळीला येईपर्यंत थांबणार नाही. त्या दिवसापासून नळीचं तोंड पाण्याच्या वर राहील असा चिमटा काठावर कायमचा लावला आहे, आणि बटण बंद केलं की पंप लगेच उचलून बाकावर ठेवायचा हा घरातल्या सगळ्यांना घालून दिलेला नियम आहे. या पंपाच्या माहितीपत्रकात याचा एका ओळीनेही उल्लेख नाही, आणि मला ती मोठी चूक वाटते.

आणखी एक प्रसंग. होडी धुताना तळाचं बूच काढलं होतं. ते परत बसवायचं राहिलं आणि होडी पाण्यात उतरली. पन्नासेक मीटर गेल्यावर पायाला पाणी लागलं. पंप चालू केला. पाणी वाढतच राहिलं. भोक 25 मिलिमीटरचं, पाण्याच्या पातळीखाली साधारण 15 सेंटिमीटर. नंतर शांतपणे हिशोब केला तर अशा भोकातून मिनिटाला 30 लिटरच्या आसपास पाणी आत येतं. माझा पंप काढतो 11. त्या दिवशी भाच्याने भोकावर टाच दाबून धरली, मी बादलीने उपसलं आणि आम्ही परत आलो. भोकाची रुंदी दुप्पट झाली तर येणारं पाणी चौपट होतं, म्हणजे तिथे या पंपाचा काहीच पाड लागत नाही. म्हणून मनापासून सांगतो, हा पंप आणला म्हणून होडीतली बादली काढू नका. पावसाचं पाणी, लाटांचे शिंतोडे, सांध्यातून झिरपणारं पाणी यांच्यासाठी हा आहे. फुटलेल्या होडीसाठी बादली, जादा बूच, चिंध्या आणि अंगावर लाइफ जॅकेट.

झिरपलेलं थोडं पाणीही वेळेवर काढलेलं बरं, यासाठी मी आता जास्त आग्रही झालो आहे. तळात सैल पाणी असलं की होडी ज्या बाजूला कलते तिकडेच ते सगळं धावतं आणि तिला आणखी कलवतं. शंभर किलो वाळूची पोती मध्यभागी बांधून ठेवली तर होडी फक्त जड होते. शंभर लिटर मोकळं पाणी तिला बेभरवशाची करतं. आधी हे ऐकून माहीत होतं. उपसलेली आणि न उपसलेली होडी एकाच दिवशी वल्हवली तेव्हा अंगाला कळलं.

तळाचं शेवटचं सेंटिमीटरभर पाणी पंप काढत नाही. पातळी जाळीच्या खाली गेली की तो हवा खातो, घरघर आवाज येतो. तेव्हा लगेच बंद करायचा. पंख्याच्या दांड्याभोवतीच्या सीलला पाण्यानेच ओलावा आणि थंडावा मिळतो, कोरडा फिरवला तर ते झिजतं. मी होडी एका कोपऱ्याकडे कलवून पाणी गोळा करतो, पंप तिथे धरतो आणि उरलेलं मोठ्या स्पंजने टिपतो. जाळीत गवत, दोऱ्याचे तुकडे, माशांचे खवले अडकतात. जाळी बोटाने फिरवून निघते, हे चांगलं. एकदा बारीक नायलॉनचा धागा पंख्याच्या मुळाशी गुंडाळला गेला, तो चिमट्याने काढायला पाऊण तास गेला. गळाची तुटलेली दोरी होडीच्या तळात टाकायची नाही, हा त्यातून आलेला दुसरा नियम.

खाऱ्या पाण्यात वापरला तर परत आल्यावर बादलीभर गोड्या पाण्यात मिनिटभर चालवतो आणि नळी उलटी टांगतो. तरीही पाचव्या महिन्यात सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर आला. कारण शोधलं तर झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, वाळूचा एक कण होता. तेवढ्याने आत ओल गेली. ओ-रिंग काढून पुसली, खाचही पुसली आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. पेट्रोलजन्य ग्रीस वापरत नाही, कारण काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. पट्ट्या बारीक पॉलिश कागदाने घासल्या. सेल गळून पांढरी पूड आली असेल तर ती अल्कलाइनमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून झालेली असते. हातमोजे घालून, कापसावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसायची आणि पूर्ण वाळवायची. होडी महिनाभर वापरणार नसू तर सेल काढून ठेवतो.

इंजिनवाल्यांसाठी: तळातल्या पाण्यावर पेट्रोलचा वास असेल तर हा पंप त्यात घालू नका. आत साधी ब्रशची मोटर आहे, तिच्यात ठिणगी पडते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळातच साचून राहते. तेलकट पाणी तर कुठल्याच पंपाने बाहेर फेकू नये. ते शोषकाने टिपून वेगळं काढायचं.

तक्रारी दोन. बटणावरचं रबर सातव्या महिन्यात उन्हाने तडकलं, आणि ते वेगळं विकत मिळत नाही. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला आहे, अजून टिकलाय. दुसरी, नळी फार कडक आहे. थंडीत ती गुंडाळी सोडत नाही आणि पंपालाच आडवं पाडते. मी तिच्या जागी त्याच मापाची मऊ, तारेचा आधार असलेली नळी घातली.

कयाकवाल्यांनी आणि लहान उघड्या होडीवाल्यांनी जरूर घ्यावा. कयाकमध्ये एका हातात वल्हं धरून दुसऱ्या हाताने पंप चालवता येतो, ही मोठी सोय आहे. ज्यांच्या होडीवर 12 व्होल्टची बॅटरी आहे त्यांनी तळात बसवायचा, फ्लोट स्विचवर आपोआप चालू होणारा पंप आधी लावावा आणि हा जोडीला ठेवावा.

परवा रात्री पुन्हा जोराचा पाऊस झाला. सकाळी मी पोचायच्या आत बाबांनी नळी चिमट्यात अडकवून पंप सुरू केलेला होता आणि ते बाकावर टेकून बसले होते. मी गेल्यावर त्यांनी पंप उचलून बाकावर ठेवला आणि मला स्पंज दिला.