कॉर्सिका की क्रीट? सुट्टी पाच-सहा रात्रींचीच असेल तर

समुद्र पण पाहिजे, डोंगर पण पाहिजे, सुट्टी मात्र आठवड्याच्या आतली, आणि बरोबर पुण्याहून आलेले आई-बाबा नाहीतर सहा-सात वर्षांचं पोरगं. इकडे युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांचं हे नेहमीचं गणित, आणि बरीच शोधाशोध झाली की लिस्टवर शेवटी दोन बेटं उरतात, फ्रान्सचं कॉर्सिका आणि ग्रीसचं क्रीट. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको: घरात कोणाला तरी घाटात गाडी चालवायला मनापासून आवडत असेल आणि डोंगर नुसते बघायचे नसून चढायचे असतील तर कॉर्सिका, बाकी जवळजवळ सगळ्यांनी क्रीट. मला स्वतःला विचाराल तर कॉर्सिका, पण मी म्हणजे सगळे नव्हेत.

फोटो बघून काही ठरत नाही, कारण फोटोत दोन्ही सारखीच दिसतात, निळंशार पाणी आणि मागे उंच डोंगर. क्षेत्रफळही जवळपास सारखं, कॉर्सिका साधारण ८,७०० चौरस किलोमीटर आणि क्रीट ८,३०० च्या आसपास. फरक आहे तो ठेवणीत. कॉर्सिका उभं आहे, उत्तर-दक्षिण साधारण १८० किमी, आणि मधोमध डोंगरांचा सलग कणा, त्यात सगळ्यात उंच मॉन्ते चिंतो २,७०६ मीटर. क्रीट आडवं, अडीचशे किलोमीटरपेक्षा लांब पण रुंदीला काही ठिकाणी पंधरा किमीसुद्धा नाही, आणि डोंगर वेगवेगळ्या घोळक्यांत, मध्ये प्सिलोरितिस २,४५६ मीटर, पश्चिमेला लेफ्का ओरी म्हणजे पांढरे डोंगर, त्यांचं पाख्नेस शिखर प्सिलोरितिसपेक्षा फक्त ३ मीटरने कमी. आता याचा सुट्टीशी काय संबंध, तर क्रीटमध्ये मोठी गावं सगळी उत्तर किनाऱ्यावर एका ओळीत आहेत, हानिया, रेथिम्नो, इराक्लिओ, आयिओस निकोलाओस, आणि त्यांना जोडणारा एकच मोठा रस्ता, त्यामुळे डोंगर हवा असेल तेव्हाच डोंगरात शिरायचं. कॉर्सिकात तशी सोय नाही, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जायचं म्हणजे घाट आलाच, आणि पश्चिम किनाऱ्यावर तर किनाऱ्याकिनाऱ्यानेच घाट आहे.

म्हणून गाडीचं आधी बोलू. कॉर्सिकात एक्स्प्रेसवे नाही. पश्चिम किनाऱ्यावर आजाक्सिओ ते पोर्तो अंतर जेमतेम ८० किमी, पण दोन तास धरून चला, आणि पोर्तोच्या जरा आधी पियानाच्या लाल कड्यांमधून जो रस्ता जातो तो म्हणजे आपला आंबेनळी घाट थेट समुद्रावर लटकवल्यासारखा, समोरून टुरिस्ट बस आली की एकाने मागे घ्यायची. वर रस्त्यात निवांत फिरणारी डुकरं, गाई, बकऱ्या. ज्याला गाडी लागते त्याने अ‍ॅव्होमिन घेऊनच निघावं, मी चेष्टा करत नाहीये. क्रीटमध्ये मुख्य रस्ता सोपा, पण तिथे लोक मागून येऊन अशी अपेक्षा करतात की तुम्ही डावी चाकं पट्टीवर आणि उजवी रस्त्याकडेच्या साइडपट्टीवर घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यावं, पहिल्या दिवशी घाबरायला होतं मग सवय होते. दक्षिणेकडे उतरणारे रस्ते क्रीटमध्येही वळणावळणाचेच आहेत, पण ते टाळता येतात, हा मुद्दा आहे. भारतातलं लायसन्स असेल तर आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, आणि दोन्हीकडे भाड्याच्या गाड्या बहुतेक मॅन्युअल गियरच्या, ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी बुक करावी लागते आणि महाग पडते.

गाडीच चालवायची नसेल तर? इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो, कारण बिनगाडीचं कॉर्सिका अशक्य आहे असं सरसकट सांगितलं जातं आणि ते अर्धंच खरं आहे. कॉर्सिकात छोट्या गेजची रेल्वे आहे, बास्तिया ते आजाक्सिओ १५८ किमी, डोंगराच्या पोटातून, १८९४ मध्ये पूर्ण झालेली, वाटेत वेक्यो नदीवर आयफेलच्या कंपनीचा पूल लागतो (टॉवरवालाच आयफेल), आणि पोन्ते लेक्यावरून एक फाटा काल्वीला जातो. म्हणजे डोंगर तुम्हाला ट्रेनने मिळतो! विझाव्होनाला उतरलात की स्टेशनसमोर लारिचिओ पाइनचं जंगल, आणि तिथून थोडं चालून धबधब्यांपर्यंत जाता येतं, लहान मुलांनाही जमेल असं. कोर्तेला उतरलात तर किल्ला, युनिव्हर्सिटी आणि डोंगरातलं जुनं गाव. काल्वी ते इल-रूस ट्रेन तर बीचेसच्या कडेकडेने जाते, टॉवेल खांद्यावर टाकून चढायचं आणि आवडेल त्या बीचला उतरायचं. मिळत नाही ते पियाना आणि दक्षिण टोकाचं बोनिफासिओ, म्हणजे नेमकं पोस्टकार्डावर असतं ते. आणि दिवसाला गाड्या मोजक्या, एक चुकली की अर्धा दिवस गेला.

क्रीटमध्ये ट्रेन नाहीच, पण केटेलच्या बसेस आहेत आणि त्या खरंच चालतात. हानियाहून इराक्लिओ अडीच-तीन तास, आणि मुख्य म्हणजे समारियाची अख्खी घळ बसने होते. समारिया म्हणजे क्रीटचं सगळ्यात मोठं आकर्षण, सकाळी बस ओमालोसच्या पठारावर सोडते, साधारण १,२०० मीटरवरून उतरायला सुरुवात आणि १६ किमी चालत थेट लिबियन समुद्रावर, आयिया रुमेली गावात. मध्ये कडे इतके जवळ येतात की वाट तीन-चार मीटरचीच उरते आणि दोन्ही बाजूला शेकडो मीटर दगड. शेवटच्या गावाला गाडीरस्ता नाही, बोटीने सूगिया किंवा होरा स्फाकिओनला जायचं आणि तिथून बस परत हानियाला. सगळी उतरणच आहे म्हणून सोपं वाटतं पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे बोलतात, पाच ते सात तास धरा, चांगले बूट घाला, मध्ये बाहेर पडायला रस्ता नाही. आई-बाबांसाठी इंब्रोसची घळ बघा, ८ किमीची, तीही सुंदर आहे आणि गर्दी कमी.

पण चढायचं असेल, उंचीवर राहायचं असेल, तर क्रीट कॉर्सिकाच्या पासंगाला पुरत नाही, हे मी स्पष्ट सांगते. क्रीटचे डोंगर उन्हाळ्यात कोरडे, पांढरे, सावली नाही, पाणी नाही. कॉर्सिकात ग्रॅनाइटची शिखरं, खाली जंगल, नद्यांचे डोह ज्यात दुपारी पोहता येतं, आणि वर हिमनद्यांनी कोरलेली तळी. कोर्तेजवळच्या रेस्तोनिका खोऱ्यातून मेलो तळं १,७११ मीटरवर आणि त्याच्या वर कापितेलो १,९३० मीटरवर, वाटेत साखळ्या आणि लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत पण जपून केलं तर ट्रेकिंगची सवय असणाऱ्याला जमतं. खोऱ्याच्या वरच्या भागात गाड्यांवर बंधनं असतात, ते निघायच्या आधी बघून घ्या. जीआर २० या प्रसिद्ध ट्रेकचं नाव ऐकून कोणी हुरळून जाऊ नये, तो साधारण १८० किमी आहे आणि त्याला दोन आठवडे लागतात. आपल्याला त्यातला एखादा तुकडा पुरे, विझाव्होना त्याच्या वाटेवरच आहे.

बीचेसवर मी फार बोलत नाही, दोन्हीकडे उत्तम. क्रीटचे एलाफोनिसी आणि बालोस जुलै-ऑगस्टमध्ये माणसांनी भरून वाहतात, कॉर्सिकाचं पालोम्बाजियाही तसंच.

खाण्याचं मात्र बोलायलाच हवं कारण आपल्याकडे अर्धी ट्रिप त्यावरून ठरते. घरात शाकाहारी माणूस असेल तर क्रीट, विषय संपला. दाकोस (जवाच्या टोस्टवर टोमॅटो आणि मिझिथ्रा चीज), भात भरलेले टोमॅटो म्हणजे येमिस्ता, मोठ्या पांढऱ्या बियांची उसळ म्हणावी असे यिगांतेस, उकडलेल्या रानभाज्यांवर ऑलिव्ह ऑइल-लिंबू, मध घातलेले चीजचे कालित्सुनिया, आणि हे सगळं खास शाकाहारी मेनूवर नाही तर कुठल्याही साध्या तावेर्नात, दुपारी चारलासुद्धा, आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी न मागता काहीतरी गोड आणि राकी नावाची दारू येते, पैसे न घेता. कॉर्सिका म्हणजे डुक्कर आणि रानडुक्कर, लोंझू, कोप्पा, फिगातेल्लू, खाणाऱ्यांची चंगळ. शाकाहारींना ब्रोच्यू चीजचे कानेलोनी, ब्रोच्यू-पुदिन्याचं ऑम्लेट (अंडं चालत असेल तर), चेस्टनटच्या पिठाचे पदार्थ, आणि मग परत ब्रोच्यू. भाज्यांचं सूप मागवताना विचारा, त्यात बऱ्याचदा डुकराचं हाड असतं. शिवाय दुपारी दोननंतर किचन बंद, मुलाला भूक तीनला लागली तर बेकरी शोधा. आणि राहणं-खाणं दोन्हीत कॉर्सिका महाग, थोडं नाही, चांगलंच.

कधी जाताय यावरही खूप आहे. मेमध्ये, म्हणजे भारतातल्या शाळांच्या सुट्टीत, क्रीट फारच छान, फुलं असतात, समारिया साधारण १ मेला उघडते, पाणी गार असलं तरी पोहता येतं. त्याच वेळी कॉर्सिकाच्या वरच्या तळ्यांवर बर्फ असू शकतो, तेव्हा तिकडे जून अर्ध्यावर आल्यावर किंवा सप्टेंबरमध्ये जावं. ऑगस्टमध्ये अख्खं फ्रान्स आणि अर्धं इटली कॉर्सिकात असतं, नकोच. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटी पडली तर क्रीट अजून चालू असतं, कॉर्सिकात तोवर बरीच हॉटेलं शटर ओढून बसलेली.

इतिहासाची आवड असेल तर तुलनाच नको. क्नोसोसचा मिनोअन, म्हणजे क्रीटच्या प्राचीन संस्कृतीचा राजवाडा (उत्खनन आर्थर इव्हान्सने १९०० मध्ये सुरू केलं), इराक्लिओचं म्युझियम, हानियाचं व्हेनिशियन बंदर, असं साडेतीन-चार हजार वर्षांचं सामान एका बेटावर आहे. २०२५ मध्ये मिनोअन राजवाडे युनेस्कोच्या यादीतही गेले. कॉर्सिकात नेपोलियनचं जन्मघर आहे आजाक्सिओला, १७६९ चा जन्म, पण खरा लोकांचा लाडका पास्काल पाओली, ज्याने १७५५ पासून कोर्तेला राजधानी करून बेट स्वतंत्र चालवलं. रस्त्यावरच्या पाट्यांवर फ्रेंच नावं काळी केलेली दिसतील, त्यामागे हीच स्वतंत्र कॉर्सिकाची भानगड.

पोचण्याचं थोडक्यात. क्रीटला युरोपातल्या बहुतेक शहरांतून एप्रिल ते ऑक्टोबर थेट विमानं, अथेन्सहून तासाभराचं अंतर. कॉर्सिकाला पॅरिस-नीस-मार्सेहून विमानं भरपूर, बाकीच्यांना सीझनपुरती, पण जर्मनी-स्वित्झर्लंडवाल्यांनी स्वतःची गाडी घेऊन लिव्होर्नोहून फेरीने चार-पाच तासांत बास्तिया गाठणं हा फार चांगला पर्याय आहे, भाड्याची गाडी वाचते. भारतातून येणाऱ्यांना दोन्हीला शेंगेन व्हिसाच, जिथे जास्त रात्री त्या देशाकडे अर्ज, आणि अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो तर शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका.

मुक्काम कसे टाकायचे: क्रीटला पाचही रात्री हानियात, त्यात एक दिवस समारिया किंवा इंब्रोस, एक दिवस बीच, एक दिवस रेथिम्नो, आणि परतीचं विमान इराक्लिओहून घेतलंत तर जाता जाता क्नोसोस. कॉर्सिकाला तीन रात्री कोर्ते, तीन काल्वी, आणि काल्वीहून बोटीने स्कांदोला (समुद्रकाठचं राखीव निसर्गक्षेत्र), म्हणजे तो घाट गाडीने करावाच लागत नाही. बोनिफासिओ या खेपेला सोडा. तिथून सार्डिनिया तासाभराच्या फेरीवर दिसत असतं आणि मग कोणीतरी म्हणतंच की एवढं आलोय तर तेही करून टाकू.