किटकॅट फ्यूज काढून एमसीबी-आरसीसीबीचा बोर्ड बसवला: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीजवळच्या आमच्या कौलारू घरातला लाकडी मेन बोर्ड आम्ही एप्रिलमध्ये काढला आणि त्या जागी एमसीबी-आरसीसीबीचा नवा डीबी (वीज घरभर वाटणारा डबा) बसवला. एमसीबी म्हणजे जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा, म्हणजे आपोआप बंद होणारा खटका; आरसीसीबी म्हणजे वीज गळली की पडणारा. लिहायला मुद्दाम थांबलो होतो. कोकणात विजेचं काम कसं झालंय हे बसवल्या दिवशी कळत नाही, ते पावसाळ्यात कळतं. आता पावसाळा, गणपती, दिवाळी सगळं होऊन गेलंय.

आधी काय होतं ते सांगतो. सनमायका मारलेला लाकडी बोर्ड, त्यावर चिनी मातीचे पाच किटकॅट फ्यूज आणि एक जुना आयसीडीपी (लोखंडी पेटीतला मेन) स्विच. फ्यूजमध्ये फ्यूजवायर फक्त एकात. बाकीच्यांत वायरीतून उपटलेल्या तांब्याच्या दोन-तीन तारा पिळून घातलेल्या. अशी तार कितीही भार आला तरी लवकर वितळत नाही. तिच्याआधी भिंतीतली वायर तापते. बोर्ड खाली उतरवला तेव्हा मागची फळी एका जागी कोळशासारखी काळी झालेली होती, नखाने खरवडलं तर भुगा पडत होता. त्यात भर म्हणजे फ्यूजची जोडी न्यूट्रललाही (वीज परत नेणाऱ्या तारेलाही) होती. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा बंद पडतो, आपण समजतो लाइट गेली, आणि होल्डरमध्ये फेज (वीज आणणारी तार) जिवंतच असतो. जुनी घरं ज्यांची आहेत त्यांनी आपल्या बोर्डात एवढं तरी बघून घ्या.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेतलं. मीटर आणि सीलबंद भाग महावितरणचा, त्याला हात लावायचा नाही. त्यामुळे त्यानेच महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घेतला आणि मगच कामाला हात घातला.

नव्या डीबीची रचना अशी: येणाऱ्या वायरीला ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी, त्यापुढे ४० अँपिअर क्षमतेचे, ३० मिलीअँपिअर गळतीला पडणारे दोन आरसीसीबी, आणि त्यांच्याखाली वेगवेगळे एमसीबी. दिव्या-पंख्यांना ६ अँपिअरचे, स्वयंपाकघराच्या प्लगना १६चा, गिझरला १६चा, विहिरीच्या पंपाला १६चा, एसीला २०चा. पंपाचा सी कर्व्हचा आहे, कारण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते आणि बी कर्व्हचा एमसीबी तेवढ्यावरही पडू शकतो. वायरी दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गिझर आणि एसीला चार स्क्वेअर एमएम.

दोन आरसीसीबींवर खर्च करावा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. एकाच आरसीसीबीवर सगळं घर टाकलं तर पंपाच्या वायरीत ओल शिरली की फ्रीजसकट सगळं घर अंधारात. म्हणून गिझर, पंप, वॉशिंग मशीन ही पाण्याशी संबंध येणारी मंडळी एकावर, बाकी घर दुसऱ्यावर. ज्यांना परवडतं त्यांनी हे करावंच. फक्त एक लक्षात ठेवा: दोन आरसीसीबी म्हणजे दोन वेगळ्या न्यूट्रल पट्ट्या. ज्या आरसीसीबीतून फेज गेला त्याच्याच पट्टीवर त्या सर्किटचा न्यूट्रल परत यायला हवा, नाहीतर तो सुखाने चालू राहणार नाही.

आमचा खरा वेळ आणि मजुरी इथेच गेली. डबा भिंतीत बसून वायरी जोडायला फार वेळ लागला नाही. पण चालू केल्यावर पडवीतला दिवा लावला की आरसीसीबी पडायचा. आरसीसीबी आतून एवढंच बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का. आमच्याकडे पडवीच्या दिव्याचा फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून भलत्याच सर्किटचा. किटकॅटच्या काळात हे खपून गेलं होतं. वायरमनने एकेक सर्किट वेगळं करून मेगरने (वायरींचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासलं, तेव्हा अशा तीन जागा निघाल्या. माजघरातल्या एका प्लगमध्ये तर न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना जोडून टाकलेले होते. तपासताना त्याने दाखवलेली एक गोष्ट कामाची आहे: सिंगल पोल एमसीबी खाली केला तरी त्या सर्किटचा न्यूट्रल पट्टीला जोडलेलाच राहतो. त्यामुळे दोष न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये असेल, तर सगळे एमसीबी खाली करूनही आरसीसीबी पडू शकतो. अशा वेळी मेन बंद करून पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडवूनच बघावं लागतं, आणि ते काम वायरमनचंच.

तुमचा वायरमन जर म्हणाला की 'आरसीसीबी सारखा पडतोय, काढून थेट जोडून देतो' किंवा '३० मिलीचा काढून १०० चा टाकू', तर दुसरा वायरमन बघा. माणसाचा जीव वाचवायला ३० मिलीअँपिअरहून जास्तीचा चालत नाही.

हे इतक्या ठामपणे सांगतोय त्याचं कारण आमचा गिझर. न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की मुंग्या येतात असं आई कधीपासून सांगत होती. ती लाकडी पाटावर उभी राहून नळ सोडायची आणि आम्हीही ते चालवून घेत होतो. नवा बोर्ड चालू झाल्यावर गिझर लावला की पाणी तापत आलं की आरसीसीबी पडायचा. एलिमेंट बाहेर काढलं तर त्याच्या नळीला बारीक तडा गेलेला, वर क्षाराचा थर. आणि गिझरची अर्थिंगची वायर अंगणातल्या पट्टीपर्यंत जात होती खरी, पण तिथला क्लॅम्प गंजून सुटलेला. म्हणजे गळणाऱ्या विजेला जायला वाट फक्त पाणी, नळ आणि नळ धरणारा माणूस. १५ अँपिअरच्या फ्यूजला पन्नास मिलीअँपिअरची गळती कळण्याचा प्रश्नच नाही. माणसाचं हृदय मात्र तेवढ्याने थांबू शकतं. ३० मिलीअँपिअरची गळती झाली की आरसीसीबीने ३०० मिलीसेकंदांच्या आत तोडलं पाहिजे असा नियम आहे, आणि १५० मिलीअँपिअरला ४० मिलीसेकंदांत. एलिमेंट बदललं, नवं पाइप अर्थिंग केलं. आता आई पाटाशिवाय नळ सोडते. सगळा खर्च एवढ्या एका गोष्टीसाठी झाला असता तरी मी तो केला असता.

पावसाळ्यात आरसीसीबी पडला, पण प्रत्येक वेळी काहीतरी सापडलं. जुलैत फाटकावरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पाणी साचलेलं होतं. पंपाच्या केबलचा नुसती टेप गुंडाळलेला सांधा चिखलात लोळत होता. तो आता उंचावर, बंद पेटीत घेतला आहे. विनाकारण पडला असं एकदाही झालं नाही.

गणपतीत घर भरलं. मुंबईहून चाकरमानी, माटवीवर दिव्यांच्या माळा, स्वयंपाकघरात इंडक्शन, ओव्हन, मिक्सर एकदम. माळा एलईडीच्या, त्यांचा भार नगण्य. पण स्वयंपाकघराचा १६चा एमसीबी बऱ्याच वेळाने पडला. 'आत्तापर्यंत चालत होता, मग आत्ताच का पडला?' असं काकांनी विचारलं. एमसीबीत दोन यंत्रणा असतात. शॉर्ट सर्किटला चुंबकीय कॉइल क्षणात तोडते. जादा भाराला आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापून वाकते, आणि त्याला वेळ लागतो. क्षमतेच्या १.४५ पट भार असेल तर त्याने तासाभरात पडायचं असतं, म्हणजे १६चा एमसीबी २३ अँपिअरही काही वेळ सोसतो. घरातल्या एकाने लगेच '२५चा टाकून घ्या' असा सल्ला दिला. एमसीबी वायरीसाठी असतो, उपकरणासाठी नाही. मोठा टाकला तर पडायचा थांबेल आणि अडीचची वायर भिंतीत भाजेल. आम्ही ओव्हनसाठी वेगळी लाइन ओढली.

पडलेला एमसीबी पुन्हा वर करताना खटका आधी पूर्ण खाली दाबायचा आणि मग वर. आणि एकदा वर करून पुन्हा पडला तर करत बसायचं नाही. वायरमनने जाताना आईला तेच बजावलं होतं, "काकी, दोनदा पडला की मला फोन करा, तिसऱ्यांदा वर करू नका."

आता तक्रारी. दुकानदाराच्या सांगण्यावरून पत्र्याचा डबा घेतला. खाऱ्या हवेत त्याच्या बिजागऱ्या आणि स्क्रू दिवाळीच्या आत गंजले. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी प्लास्टिकचा चांगला डबा घ्यावा. डब्याबरोबर आलेली नावांची चिकटपट्टी ओलीने सुटली. आता आत कागदावर लिहून प्लास्टिकमध्ये घालून ठेवलंय. पाइपची मोकळी तोंडं बंद केली नव्हती, तिथे कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं आणि खालच्या कोपऱ्यात मुंग्या झाल्या. रिकाम्या खाचांना झाकणं आणि पाइपच्या तोंडांना बुच हे पहिल्याच दिवशी मागून घ्या.

मोठी अडचण ऑक्टोबरातल्या विजांची. घरी कुणी नसताना गडगडाट झाला, आरसीसीबी पडला आणि फ्रीजरमधली सुरमई टाकून द्यावी लागली. आरसीसीबी आपोआप वर होत नाही, व्हायलाही नको. त्यानंतर दोन बदल केले. फ्रीजला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) दिला, म्हणजे दुसऱ्या कशाच्या दोषाने तो बंद पडणार नाही. आणि आरसीसीबीच्या आधी, मेनच्या बाजूला, टाइप २ चा एसपीडी (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) बसवला. तो आधीच बसवायचा असतो, कारण विजेचा झटका तो अर्थिंगकडे वळवतो. पुढे बसवला तर तीच गळती समजून आरसीसीबी पडेल. त्याची हिरवी खूण लाल झाली की आतली कार्ट्रिज बदलायची. अर्थिंग चांगलं नसेल तर एसपीडीचा काही उपयोग नाही.

या बोर्डाने काय होत नाही तेही सांगायला हवं. खांबावरचा न्यूट्रल तुटून घरात ३०० व्होल्टच्या वर दाब आला तर एमसीबी, आरसीसीबी दोघेही स्वस्थ राहतात. त्याला वेगळं ओव्हर-अंडर व्होल्टेजचं उपकरण लागतं. कुणी कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर आरसीसीबीच्या लेखी तो एक दिवाच, तो पडणार नाही.

देखभाल फार नाही. दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं, खटका पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा झाला, बदलायचा. वर्षातून एकदा मेन बंद करून वायरमनकडून स्क्रू आवळून घ्यायचे. सैल स्क्रू तापतो आणि जळतो. डब्याजवळ जळका वास आला, एखादा एमसीबी हाताला शेजारच्यांपेक्षा जास्त गरम लागला, प्लास्टिक पिवळं पडलं, की वाट बघायची नाही.

कंपनीबद्दल विचाराल तर आयएसआय मार्क आणि दर्शनी भागावरच्या चौकटीत १०००० हा आकडा (शॉर्ट सर्किटचा किती अँपिअर करंट एमसीबी तोडू शकतो तो) बघून घेतलं. आमच्या दुकानदाराने एल अँड टी म्हणून दिलेल्या एमसीबीवर लॉरिट्झ नुडसेन छापलेलं होतं. माल तोच आहे, श्नायडरने तो धंदा घेतल्यानंतर २०२४ मध्ये नाव बदललं. एका डब्यात शक्यतो एकाच कंपनीचं सामान घ्या, म्हणजे तांब्याची बसबार (सगळ्या एमसीबींना जोडणारी पट्टी) सगळ्यांत नीट बसते आणि वायरीचे लूप मारावे लागत नाहीत. डबा आणि आतलं सामान मिळून जो खर्च आला, त्याहून जास्त वायरी, अर्थिंग आणि मजुरीला गेला.

माळ्यावरची जुनी केसिंग-कॅपिंग (झाकणाच्या पट्टीतली वायरिंग) अजून तशीच आहे. ती मे महिन्यात काढायची ठरलंय. तोवर त्या सर्किटवर एक दिवा आणि एक पंखा एवढंच ठेवलंय, ६ अँपिअरच्या एमसीबीवर, आणि तिथला प्लग काढून टाकलाय.