कागद १९७२ चे, पत्रा टॅक्सीचा: जुन्या फियाटमध्ये बुडालेले २,८१,७००

आधी आकडे. गाडीचे एकूण २,४०,००० ठरले: २५,००० इसार यूपीआयने, २,००,००० रोख आणि १५,००० एजंटच्या हातात, ‘कागदांचं सगळं मी बघतो’ म्हणून. टोइंग ३,२००. इंजिन उतरवून बोअरिंग, पिस्टन-रिंगा, व्हॉल्व्ह सीट, ३८,५००. बेरीज २,८१,७००. बदल्यात मिळाली ती नावावर न होणारी, रस्त्यावर न काढता येणारी गाडी. भंगारवालासुद्धा आधी आरसी मागतो.

‘आजोबांची गाडी, एकहाती वापर, अजून दोघं बघून गेलेत’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्याने कोणी फसत नाही. फसवलं ते आरसी बुकाने, कारण ते खरं होतं. १९७२ ची नोंद, फियाट ११०० डिलाइट, खासगी. त्या बुकातली मूळ गाडी बहुधा केव्हाच कापली गेली. मागे राहिले कागद आणि चासी नंबरची पट्टी, आणि ती पट्टी चढली रस्त्यावरून उतरवलेल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीवर. डिलाइट १९६४ ला आली, तीच गाडी पुढे प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावाने २००० च्या आसपासपर्यंत निघत राहिली. ठेवण तीच, इंजिन तेच १०८९ सीसीचं. ग्रिल, बिल्ले, बंपर बदलले की चार फुटांवरून फरक कळत नाही. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. उतरलेल्या सगळ्या बॉड्या कटरखाली गेल्या असं समजणाऱ्याने या बाजारात पाऊलच ठेवू नये.

१९७२ हे सालही उगाच निवडलेलं नसतं. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते: फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. विक्रेता एवढंच सांगतो आणि त्यावर भाव चढवतो. त्याच नियमाप्रमाणे बॉडी, चासी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही आणि अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांसाठीच बाहेर काढता येते. हे त्याच्या तोंडून कधी येत नाही.

आता ती जागा, जिथे सगळं उघडं पडायला हवं होतं. डाव्या मागच्या दाराच्या चौकटीचं रबर बोटभर सुटलं होतं. त्याखाली वर पिवळा रंग, खाली बिजागरीपाशी काळा. विचारल्यावर उत्तर आलं, ‘प्रायमर आहे.’ पिवळट प्रायमर बाजारात मिळतोच, त्यामुळे उत्तर खोटं वाटण्याचं कारण नव्हतं. पण प्रायमर छतापुरता पिवळा आणि दारापुरता काळा कसा असेल? एका नखाने रबर आणखी वीतभर ओढलं असतं तर तिथेच २,८१,७०० वाचले असते. आणि कोणी शहाणपणा शिकवण्याआधी हेही ऐका: सोबत मेकॅनिक नेला होता, ५०० रुपये देऊन. त्याने इंजिन ऐकलं, गिअर टाकले, ‘आवाज मस्त’ म्हणाला. पत्र्याकडे बघणारा माणूस वेगळा असतो. न्यायचाच तर डेंटर न्या.

टॅक्सीच्या खुणा पुसणं अवघड असतं. जुना मेकॅनिकल मीटर बाहेर, डाव्या बाजूला पुढच्या काचेपाशी असायचा. तिथली भोकं लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरून बुजवतात. आतून हात फिरवला की खरखर लागते. छतावर कॅरिअरच्या खुणा. डिकीच्या तळात सीएनजी टाकीच्या पट्ट्यांचे बोल्ट बसलेली भोकं, हीही स्टेपनीखालचं मॅट उचलल्याशिवाय दिसत नाहीत. मॅट चिकटवलेलं असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

सीएनजीचा परिणाम इंजिनातही असतो. गॅस कोरडा, त्यामुळे जुन्या सिलिंडर हेडमधल्या व्हॉल्व्ह सीट झिजत जातात आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) पडतं. ते झाकायला इंजिनात गिअर ऑइलसारखं जाड ऑइल ओततात: आवाज बसतो, धूर काही दिवस दबतो. डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत घेऊन ताणून बघा. गाडी बघायला जाताना ‘इंजिन गार ठेवा’ असं आधी सांगा आणि पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत फिरा. गार इंजिन सुरू होताना निळा धूर एकदाच येऊन थांबला तर व्हॉल्व्हच्या बाजूचा दोष. चढावर ओढताना सतत आला तर रिंगा. कॉम्प्रेशन गेज लावूनच बघा, चार सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. या गाडीत तिसरा सिलिंडर जवळपास मेलेला होता.

सगळ्यात महत्त्वाचं पट्टीचं. या गाडीला वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी. त्यामुळे रिव्हेट मारलेल्या पट्टीला एकटीला काही अर्थ नाही. पत्र्यावर ठोकलेला नंबर शोधून त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याचा पेन्सिल प्रिंट स्वतः घ्या आणि आरसीशी ताडून बघा. तो भाग जाड रंगाखाली असेल किंवा भोवती ग्राइंडरचे ओरखडे असतील तर समजून जा. इथे पट्टीचे रिव्हेट नवे कोरे चकचकीत होते, ५० वर्षांच्या बॉडीवर!

एजंटने गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सहीसकट दिले. सही ज्याची, तो मूळ मालक आधीच वारलेला. मालक वारला असेल तर आधी वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मगच विकायची. कोऱ्या सह्यांचा गठ्ठा दाखवणाऱ्याला मृत्यूचा दाखला आणि वारसाची ओळख मागा, निम्मे लोक तिथेच गळतात. मुदत संपलेली आरसी असेल तर नूतनीकरणाच्या उशिराचे महिन्याला ५०० रुपये वेगळे. तोही हिशेब भावात धरा.

आणि सरकारी दारं! आरटीओत पहिल्या खिडकीवर उत्तर: नोंद ऑनलाइन नाही, बॅकलॉग एंट्री (जुन्या रजिस्टरातली नोंद संगणकावर चढवणं) लागेल, मूळ नोंदणी जिथली तिथे जा. तिथे: जुनं रजिस्टर जीर्ण आहे, शोधावं लागेल, पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात साहेब रजेवर. शेवटी मोटार वाहन निरीक्षकाने नंबर बघून मान हलवली आणि पोलिसांत तक्रार करा म्हणाला, पण लेखी काही देईना. पोलीस म्हणाले, आरटीओचा लेखी अहवाल आणा. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे. नंतर पोलिसांचं नवं पालुपद: हा दिवाणी वाद आहे, शिवाय पुरावा २५,००० चाच आहे, रोख दिली याला आधार काय? वर हेही ऐकवलं की नंबर बदललेली गाडी सध्या तुमच्याच ताब्यात आहे. फसलेल्यालाच आरोपी करायची तयारी! नंबरात फेरफार, मेलेल्या माणसाची सही, एवढं असून हा दिवाणी वाद कसा, हे एकानेही सांगितलं नाही.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर हुज्जत घालू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहा, जुनं ४२० आता तिथे गेलं आहे. आणि गाडीला हात लावू नका, रंगही नको. पट्टी, रिव्हेट, रबराखालचा पिवळा पत्रा हाच पुरावा आहे.

रोख देऊच नका. द्यावीच लागली तर पावतीवर विक्रेत्याच्या हातची सही आणि हे वाक्य घ्या: ‘बॉडीवर ठोकलेला नंबर आरसीप्रमाणे आहे, गाडी टॅक्सी म्हणून कधी नोंदलेली नाही, यातलं काही खोटं ठरल्यास पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करीन.’ इथल्या विक्रेत्याने पावतीच द्यायला नकार दिला होता, म्हणे घरच्यांना किंमत कळायला नको.