958 किमी आणि 1 तास 41 मिनिटं: अंतर-वेळ सांगणारं ॲप, सात महिने वापरून

खरं तर लिहिणार नव्हतो, पण काल प्रीमियमचे पैसे परत कापले गेल्याचा मेसेज आला आणि डोकं फिरलं.

मी राहतो ट्रॉम्सोला, उत्तर नॉर्वेत. कामासाठी महिन्यातून एकदा विमानाने लाँगइयरबीएनला, म्हणजे आणखी उत्तरेला नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवर जावं लागतं. दोन एअरपोर्ट टाकले की ॲप अंतर आणि वेळ सांगतं, वर आपल्या प्रवासाचा लॉग ठेवतं. पहिल्याच दिवशी आकडा आला 958 किमी. म्हटलं गंडलंय! फोनवरच्या सपाट नकाशात हे अंतर कन्याकुमारी ते श्रीनगरपेक्षा लांब दिसतं. लगेच एक स्टार देऊन मोकळा झालो.

मग मुलीचा पृथ्वीगोल घेतला, 30 सेंटीमीटरवाला, आणि शिवणाच्या दोऱ्याने मोजलं. ट्रॉम्सो-लाँगइयरबीएन सव्वादोन सेंटीमीटर. मुंबई-दिल्ली पावणेतीनच्या जरा आत. म्हणजे ॲप बरोबर, नकाशाच उत्तरेकडे ताणलेला. चूक माझी, एकाचे चार स्टार केले.

पण वेळेचं काय? सगळीकडे तेच गणित, ताशी 800 च्या आसपास स्पीड धरायचा आणि वर सरसकट अर्धा तास चिकटवायचा. हवेतला वेळ मी वहीत लिहून ठेवतो (बायको हसते), तो बहुतेकदा दीड तासाच्या आतबाहेर. निम्म्यावर बेअर आयलंड, तेही ढग नसले तर दिसणार, बाकी नुसता समुद्र. आणि स्वालबार्ड शेंगेनच्या (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या) बाहेर असल्यामुळे देशातल्या देशात जाताना पासपोर्टची रांग, ती वेळ ॲपला माहीतच नाही. भारतातून येणाऱ्यांनो, शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल तर तिकडे जाऊ नका, परत येताना दुसरी एंट्री लागेल. आमच्या मेहुण्यांचं तिकीट याच पायी वाया गेलं, ते अजून बोलून दाखवतात.

आता मुख्य भांडण. जुलैत लाँगइयरबीएनवर धुकं होतं. वर दोन घिरट्या, मग पायलट म्हणाला परत जातोय, कारण तिकडे जवळपास उतरायला दुसरं मोठं एअरपोर्ट नाही. सव्वातीन तास हवेत काढून मी परत ट्रॉम्सोलाच, हातात तोच थेपल्यांचा डबा, आणि ॲपच्या लॉगमध्ये काय? 'प्रवास पूर्ण, 958 किमी, 1 तास 41 मिनिटं'. अरे, एकतर शून्य लिहा, कारण मी कुठे पोचलोच नाही, नाहीतर दुप्पट करून 1,916 लिहा, पण 958 कुठल्या हिशोबाने? सपोर्टला तीन मेल टाकले. उत्तर आलं की आकडे अंदाजे असतात. दुसऱ्या दिवशी खरोखर पोचलो तेव्हा परत 958 जमा झाले. एकाच कामाचे 1,916, आणि मी प्रत्यक्ष उडालो जवळजवळ तीन हजार!

मेहुणे म्हणतात एवढ्याशा आकड्यासाठी काय भांडतोस. पण लॉगसाठीच तर पैसे भरतो ना मी, अंतर फुकटातही दिसतं.

प्रीमियम आज बंद केलं. अंतरासाठी चार स्टार ठेवले होते, ते तीन केलेत. गुरुवारी परत जायचंय, डबा दोन दिवसांचा भरायला सांगितलाय.