कब पथकासाठी शेतावरचे उपक्रम : आठ महिने वापरून सांगते

गेल्या जूनमध्ये ओळखीच्या एका कबमास्टरांनी मला बारा उपक्रमांची फाइल पाठवली. लहान स्काउट पोरांसाठी शेतावरचे खेळ आणि कामं, प्रत्येकापुढे तारीख आणि सहीचा चौकोन. मूळ अमेरिकेतलं, कोणीतरी मराठी केलेलं. मी नाशिकला एका शाळेत लेडी कबमास्टर आहे. पथकात अठरा पोरं, म्हणजे सहा-सहा जणांची तीन षटकं. एका पालकांच्या भावाचं नाशिकजवळ गिरणारे गावाला शेत आहे, त्या अण्णांनी ‘या की’ म्हटलं आणि आमचं सुरू झालं.

बारापैकी सातच केले. भोपळे कोरणं, गवताच्या गठ्ठ्यांवरून उड्या मारणं, मक्याच्या शेतात भुलभुलैया, हे वाचूनच सोडून दिलं. उभ्या मक्यात पोरं पळवायची म्हटलं तर अण्णांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवलं असतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते, कारण पालक हमखास विचारतात. आपल्याकडच्या चरणांच्या, म्हणजे कबच्या एकेका पायरीच्या, चाचण्यांत ‘शेती’ असा वेगळा विषय नाही. गाठी, प्रथमोपचार, निसर्गनिरीक्षण, हातकाम असं असतं. म्हणजे या फाइलवर सह्या झाल्या की चरण मिळालं असं नाही. पण तीच कामं शेतात केली तर चाचणीची तयारी आपोआप होते, आणि माळीकामाच्या बॅजलाही उपयोग होतो.

सगळ्यात चांगला निघाला तो पहिलाच उपक्रम, बियाणं उगवून पाहण्याचा. फाइलमध्ये प्लास्टिकच्या कपात घेवडा होता. अण्णा म्हणाले, कप कशाला, माझं घरचं सोयाबीनच तपासा, पेरायचंच आहे. प्रत्येक षटकाला शंभर दाणे मोजून दिले. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. सहाव्या दिवशी उघडलं. एकाचे ८१ उगवले, दुसऱ्याचे ७८ आणि तिसऱ्याचे ६४. तिसऱ्या षटकाचा सिक्सर, म्हणजे त्यांचा नायक, रडकुंडीला आला. बियाणं एकाच पोत्यातलं, मग असं कसं? गोणपाट पिळलं तर पाणी गळलं. प्रेमापोटी रोज दोन तांबे ओतत होते, दाणे कुजले. पोरगा हळूच म्हणाला, मॅडम, ७४ लिहू का? नाही लिहू दिलं. कार्डावर ६४ आहे आणि पुढे त्याच्याच अक्षरात ‘पाणी जास्त’. सोयाबीनचं ७० टक्क्यांच्या वर उगवलं तर नेहमीच्या मापाने पेरायचं, कमी आलं तर बियाणं वाढवायचं, हे त्या दिवशी अण्णांनी सांगितलं. टक्केवारी अजून वर्गात शिकवलेली नाही, पण या पोरांना आता समजावून सांगावी लागत नाही.

गाठींचंही तसंच. वर्गात दोरीचे तुकडे देऊन रीफ नॉट, क्लोव हिच शिकवून मी थकले होते. ऑगस्टमध्ये टोमॅटोची बांधणी होती : बांबू, तार आणि सुतळी. झाडाभोवती सुतळीचा फेरा आणि वर तारेला गाठ. पोरांनी खोड आवळूनच टाकलं. शेतावरच्या काकू आल्या, आपलं बोट फेऱ्यात घातलं आणि म्हणाल्या, “माझं बोट फिरलं पाहिजे बाळा, नाहीतर झाड जाडं झाल्यावर गळफास बसंल.” मग प्रत्येकजण बोट घालून बघायला लागला. तारेवरची गाठ मात्र घट्टच हवी, नाहीतर फळं लागली की सगळं खाली. कुठली गाठ सैल आणि कुठली पक्की, हे सांगायला मला दोन वर्षं जमलं नव्हतं.

पोळ्याला गेलो तर आख्ख्या शिवारात बैलजोडी एकच, बाकी सगळे ट्रॅक्टर. पोरांनी शिंगं रंगवली, पुरणपोळी खाल्ली. सही केली, पण मनातून ती सहलच होती.

बरणीत साय हलवून लोणी काढायचा उपक्रम जानेवारीत केला आणि फसला. त्या आठवड्यात थंडी कडक होती, अर्धा तास हलवूनही साय तशीच. शेवटी काकूंनी बरणी कोमट पाण्यात धरली आणि पाच मिनिटांत गोळा आला. हा उन्हाळ्याआधी करू नका, किंवा साय थोडी कोमट करून घ्या.

सावधगिरीचं पान फाइलमध्ये फारच पातळ आहे, म्हणून माझं ऐका. ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी झाली की वेलीच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या जागी, पेस्ट लावतात, ते रसायन जहाल असतं. त्या दिवसांत बागेकडे फिरकूसुद्धा नका. बंद बूट हवेतच, विळा मोठ्यांच्या हातात. आणि फाइलमधला ‘शेतावर रात्रीची शेकोटी’ हा उपक्रम इथे विसरायचा. आजूबाजूला ऊस आहे, उसात बिबट्या असतो. आम्ही पाचला गाडीत.

खर्च म्हणाल तर मुख्य गाडीभाडं, बाकी सुतळी आणि खाऊ. खरी किंमत फेऱ्यांची आहे. नऊ वेळा गेलो. एका रविवारी सगळं उरकू म्हणणाऱ्यांनी ही फाइल घेऊच नये. आमच्या तपासणीला आलेल्या एका सरांनी कार्डावरचा ६४ वाचलाही नाही, वही सजवली नाही म्हणून गुण कापले. त्याची चीड अजून गेलेली नाही.

शेवटचा उपक्रम कांद्याच्या लागवडीचा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यात उतरलो. दोन रोपांत १० सेंटिमीटर, दोन ओळींत १५. पट्टी घेऊन बसलेली अठरा पोरं आणि शेजारी न बघता सटासट रोपं टोचणाऱ्या बाया. तासाभरात आमचा अर्धा वाफा झाला, त्यातलंही निम्मं आडवं पडलं होतं, ते बायांनी हसत हसत पुन्हा लावलं. एक ओळ तेवढी तशीच ठेवायला सांगितली, तिला सुतळी बांधली आहे. कांदा काढायला साधारण चार महिने लागतात, पातीच्या माना पडल्या की समजायचं. दर सोमवारी कोणीतरी विचारतंच, मॅडम, माना पडल्या का? तो चौकोन अजून कोरा आहे.